दीड एकराचं वर्ष: बेळगावच्या पश्चिम भागातलं छोटं शेत बारा महिने कसं चालतं?

बेळगाव शहरातून उचगाव, बेळगुंदी, बेकिनकेरे किंवा कडोलीकडे जाणारा कुठलाही रस्ता धरा. शहर मागे पडलं की दोन्ही बाजूंना शेताच्या पट्ट्या सुरू होतात. एखादी पट्टी दहा गुंठ्यांची, तर एखादी पंधरा. एकाच घराची जमीन तीन ठिकाणी विखुरलेली असते: भाताची ओढ्याकडे, रताळ्याची माळावर, भाजीची विहिरीजवळ. या भागात ज्याला सगळे ‘शेतकरी’ म्हणतात, त्याच्याकडे बहुतेक वेळा एकूण एक-दोन एकरच जमीन असते. तरी घरातलं वर्षाचं भात, दारातली म्हैस, पोरांच्या फीचे पैसे आणि गावच्या यात्रेचा खर्च, सगळ्यांची गाठ त्याच जमिनीशी असते. हे जमतं कसं, आणि आता का जमेनासं झालंय, ते वर्षाच्या चक्रातून पाहिलं की नीट कळतं.

सोयीसाठी दीड एकराचं, म्हणजे ६० गुंठ्यांचं, सहा माणसांचं घर धरू. ३० गुंठे भात, २० गुंठे रताळी, उरलेल्या १० गुंठ्यांत भाजी, जनावरांचा हिरवा चारा आणि गवताच्या गंजीची जागा.

आधी भाताचा हिशेब. चांगल्या वर्षी एकरी वीस क्विंटलच्या आसपास भात धरलं, तर ३० गुंठ्यांत पंधरा क्विंटल. गिरणीत भरडून आणलं की शंभर किलो भाताचे साधारण पासष्ट किलो तांदूळ होतात, म्हणजे पावणेदहा क्विंटल. माणशी दिवसाला ४०० ग्रॅम तांदूळ धरला तर सहा माणसांना वर्षाला पावणेनऊ क्विंटल लागतो. उरला एक क्विंटल. त्यातून लेकीच्या घरी पाठवायचा, पाहुण्यांना वाढायचा, सणाला वापरायचा. पुढच्या वर्षाचं बियाणं तर भरडण्याआधीच बाजूला काढलेलं असतं. म्हणून या भागातला छोटा शेतकरी भात ‘विकण्यासाठी’ करत नाही. बाजारातला तांदूळ विकत घ्यावा लागू नये, यासाठी करतो. भाताच्या शेतीत नफा किती, असा प्रश्न शहरातली माणसं हमखास विचारतात. पण इथे भात हा नफ्याचा धंदाच नाही, ती वर्षाची बेगमी आहे. रोख पैसा येतो तो रताळ्यातून, भाजीतून आणि दुधातून.

रोहिणी ते तरणा-म्हातारा

कॅलेंडरवर वर्ष जानेवारीत सुरू होत असलं, तरी शेताचं वर्ष २५ मेच्या आसपास रोहिणी नक्षत्र लागतं तिथून सुरू होतं. त्याआधी वळवाचे दोन-तीन पाऊस झालेले असले तर नांगरट सोपी जाते. शेणखत विस्कटलेलं असतं. मग प्रश्न येतो तो धूळवाफ पेरणी करायची की रोप लावायचं, हा.

धूळवाफ म्हणजे कोरड्या मातीत कुरीने भात पेरून पावसाची वाट बघायची. ७-८ जूनला मृग लागला आणि पाऊस वेळेवर आला तर भात एकसारखं उगवतं, ओळी धरतं, पुढे कोळपता येतं. जुलैमधला लावणीचा सगळा मजुरीखर्च वाचतो. पण पेरल्यावर एकच जोराची सर येऊन वर ऊन पडलं, की मातीवर पापडी धरते आणि मोड वर येत नाही. पाऊस लांबला तर पाखरं दाणे टिपतात. दुबार पेरणी करायची म्हणजे घरचं बियाणं संपलेलं, आणि दुकानातलं त्या आठवड्यात महाग. रोपलावणीत हा धोका कमी. तरवा टाकायचा, तीन-साडेतीन आठवड्यांनी चिखल करून लावायचा. पण त्यासाठी चिखलाला पॉवर टिलर हवा आणि लावायला बायका हव्यात, तेही सगळ्या गावाला एकाच आठवड्यात. पश्चिमेकडच्या जास्त पावसाच्या गावांत, खानापूर तालुक्यात लावणीकडे कल जास्त. शहराच्या जवळच्या शिवारात धूळवाफ अजून टिकून आहे. कित्येक घरं दोन्ही करतात. अर्धं पेरायचं, अर्धं लावायचं, एक तर साधेल.

आर्द्रा संपून पुनर्वसू लागला की तो ‘तरणा’ पाऊस, आणि त्यानंतर पुष्याचा ‘म्हातारा’. जुलैचा हा महिना सगळ्यात जड. घाटमाथ्यावर कणकुंबी-जांबोटीकडे कोसळणारा पाऊस बेळगावच्या कितीतरी पट असतो, आणि शहराच्या पूर्वेला बैलहोंगलकडे सरकलं की तो झपाट्याने कमी होतो. या तीस-चाळीस किलोमीटरच्या फरकामुळेच एकाच जिल्ह्यात पश्चिमेला भात आणि पूर्वेला ज्वारी पिकते. लावणीला बायका गुडघाभर चिखलात सकाळी आठला उतरतात. पूर्वी इरलं असायचं, आता प्लॅस्टिकची खोळ. मजुरी देणं परवडत नाही म्हणून पैरा चालतो: आज तुझ्या शेतात मी, परवा माझ्या शेतात तू. पैऱ्याचा हिशेब कुठे लिहिलेला नसतो. पण कोण किती दिवस आलं, हे प्रत्येकीला तोंडपाठ असतं, आणि तो चुकला तर पुढच्या वर्षीपर्यंत बोलणं बंद होतं.

त्याच दिवसांत माळावर रताळ्याचे वेल लावायचे असतात. लाल माती, पाण्याचा निचरा होणारी, थोडी उताराची. रताळ्याला हीच मानवते. वाफ्यातले वेल कापून त्याचे वीतभराहून लांब तुकडे करायचे आणि सरीवर आडवे दाबायचे. काम दिसायला सोपं, पण दिवसभर कमरेत वाकून. बटाटाही याच दिवसांत लावतात. बियाणं पंजाबातल्या जालंधरकडून येतं आणि त्याचा खर्च छोट्या शेतकऱ्याला एकदम उचलावा लागतो. पावसाची झड सलग लागली की बटाट्यावर करपा पडतो आणि आठ-दहा दिवसांत पाला काळा होतो. ज्यांना दोन वर्षं असा फटका बसला, त्यातल्या अनेकांनी बटाटा सोडून रताळं धरलं. रताळ्याला बियाण्याचा खर्च जवळजवळ नाही, आणि ते दणकट पीक आहे.

पैशाची गोष्ट इथेच सांगायला हवी. मे ते जुलै घरातून पैसा फक्त बाहेर जातो: नांगरट, चिखल, खत, औषध, शाळेच्या फी, वह्या-पुस्तकं. आत येतो तो ऑक्टोबरनंतर. मधले चार महिने गावच्या कृषी पत्तीन संघाचं पीककर्ज आणि दुधाचं बिल यांवर निघतात. कर्नाटकात सहकारी सोसायटीतून मिळणाऱ्या बिनव्याजी पीककर्जाची मर्यादा २०२३ मध्ये ३ लाखांवरून ५ लाखांवर नेण्यात आली. पण दीड एकरवाल्याला त्याच्या जमिनीच्या आणि पिकाच्या मापानेच कर्ज मिळतं, त्यामुळे या आकड्यांशी त्याचा फारसा संबंध येत नाही. म्हशीचं दूध मात्र दर आठ-दहा दिवसांनी रोख देतं. छोट्या घरात म्हैस विकायला काढली, की गावात लगेच चर्चा होते. ते घर अडचणीत असल्याची ती पहिली खूण मानतात.

पाण्याचं भय

ऑगस्टमध्ये भांगलण, युरियाचा हप्ता आणि वाट बघणं, एवढंच. मधे नागपंचमीला जमिनीला लोखंड लावायचं नाही. काही गावांत ठरलेल्या वारी शेतात कामाला जायचं नाही, त्याला ‘वार पाळणं’ म्हणतात.

पण शहराच्या दक्षिणेकडच्या शिवारात, शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूर, धामणे, हलगा या पट्ट्यात, याच दिवसांत बळ्ळारी नाल्याचं भय असतं. काळी, कसदार जमीन. बेळगावच्या सुवासिक बासमतीचं नाव याच शिवारामुळे झालं. अडचण अशी की वाढत्या शहराचं पावसाचं पाणी आणि सांडपाणी याच नाल्यातून वाहतं. नाला गाळाने भरलेला, जलपर्णीने तुंबलेला, काठ कुठे कुठे आवळलेला. चार दिवस जोर धरला की पाणी नाल्याबाहेर पडून शेतात पसरतं आणि उतरत नाही. भाताला पाणी लागतं हे खरं, पण रोप पूर्ण बुडून आठवडाभर राहिलं तर ते कुजतं. मग दुसऱ्यांदा लावणी करायची तर रोप कुठून आणायचं? मार्कंडेय नदीकाठी उचगाव, सुळगा, कंग्राळी भागातही राकसकोप जलाशय भरून दरवाजे उघडले की काठची शेतं पाण्याखाली जातात. फरक एवढाच की नदीचं पाणी चढतं तसं उतरतं, नाल्याचं साचून राहतं. उन्हाळ्यात नाल्यातला गाळ काढण्याची मागणी दर वर्षी होते, निवेदनं दिली जातात, आणि बहुतेक वेळा मृगाच्या पावसापर्यंत काम अर्धवट असतं.

नवरात्र गाठायचं

रताळं तीन-चार महिन्यांत काढणीला येतं. नवरात्रात उपवासामुळे मागणी वाढते. बेळगावच्या एपीएमसीतून रताळी मुंबई-पुण्याबरोबर थेट दिल्लीपर्यंत जातात. म्हणून जूनअखेर वेल लागले तर घटस्थापनेच्या आधी बाजार गाठता येतो. पावसाने ओढ दिली आणि लावण जुलैच्या मध्यावर गेली, तर माल दसऱ्यानंतर येतो, तोवर सगळ्या शिवाराचा माल एकदम निघालेला असतो आणि दर पडलेला. तीन आठवड्यांचा फरक, पण वर्षाची रोख कमाई त्यावर ठरते. पुढे कार्तिकी एकादशी आणि महाशिवरात्र आहेतच. पण रताळं जमिनीत जास्त दिवस ठेवलं तर किडतं, उंदीर खातात, आणि पश्चिमेकडच्या गावांत रानडुकरं एका रात्रीत सरीच्या सरी उकरतात. जंगलाला लागून असलेल्या गावांत गव्यांचा कळप भातात शिरतो. त्यासाठी माळ्यावर रात्रीची राखण करावी लागते. राखणीला जायचं ते बहुधा घरातल्या म्हाताऱ्याने, कारण तरुणाला सकाळी सातची शिफ्ट असते.

हा तरुण म्हणजे या घराचा दुसरा आधार. उद्यमबाग आणि मच्छेच्या फौंड्र्यांत, वर्कशॉपांत काम करणारे कितीतरी कामगार याच गावांतून येतात. पहिली पाळी असेल तर दुपारी घरी येऊन शेतात, दुसरी असेल तर सकाळी शेतात. सुगीच्या दिवसांत रजा मागायची वेळ येते आणि सुपरवायझर विचारतो, किती वेळा रे तुझी सुगी? शेताने घराला तांदूळ द्यायचा आणि पगाराने शेताला खत, असा हा व्यवहार आहे. यातलं कुठलंही एक चाक थांबलं तर घर चालत नाही. शेतातलं रोजचं काम मात्र बाईवर पडतं. धार काढणं, वैरण, भांगलण, रताळी वेचणं, पहाटे भाजीची पाटी घेऊन बाजार, आणि त्यात स्वयंपाक तर धरलेलाच नाही. उताऱ्यावर तिचं नाव क्वचितच असतं.

दिवाळीच्या अलीकडे-पलीकडे सुगी. भात कापून दोन-तीन दिवस तसंच पसरून वाळवायचं, पेंढ्या बांधायच्या, गंजी लावायची, सवडीने मळायचं. याच दिवसांत परतीचा पाऊस गाठतो. हस्त, चित्रा, स्वाती या नक्षत्रांतला एखादा पाऊस कापलेल्या भातावर पडला तर दाणा काळा पडतो, जास्त दिवस ओला राहिला तर शेतातच मोड येतात. असं भात भरडलं की तांदळाची कणीच जास्त. शिवाय भिजलेलं पिंजर जनावर खात नाही, म्हणजे म्हशीचा उन्हाळ्याचा चाराही गेला. म्हणून कापणीच्या आठवड्यात अख्खं गाव मोबाईलवर हवामान बघत बसतं. पूर्वी खळं सारवून दगडावर भात बडवायचे, आता मळणी मशीन तासाच्या भाड्याने येतं. अनेक ठिकाणी खळ्याची जागाच उरलेली नाही, म्हणून डांबरी रस्त्यावर भात पसरलेलं दिसतं. दुचाकीवाले चिडतात, अपघातही होतात. पण ज्याच्या खळ्यावर पोराने घर बांधलं, त्याने भात वाळवायचं तरी कुठे?

काळ्या शिवारात भात निघालं की जमिनीतल्या ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा टाकतात. पाणी द्यायचं नाही, रात्रीच्या दवावर पीक येतं. बेळगावची बारीक मसूर चवीला वेगळी लागते, असं खाणारे सांगतात. लाल मातीत ही सोय नाही, ती ओल धरत नाही. तिथे विहीर किंवा बोअर असेल तरच दुसरं पीक: कोबी, नवलकोल, मिरची, गाजर, कोथिंबीर. ही भाजी मोठ्या प्रमाणात चोर्ला घाटाने गोव्याला जाते. गोव्यात चवथीच्या आधी मागणी वाढते, हे इथल्या भाजीवाल्या शेतकऱ्याला पंचांगासारखं पाठ आहे, आणि घाटात दरड कोसळून वाहतूक अडली की दुसऱ्या दिवशी त्याच्या कोबीचा दर पडतो. दोन राज्यांचं राजकारण काहीही असो, पणजी-म्हापशातल्या जेवणाचा बाजार बेळगावच्या शिवाराशी जोडलेला आहे.

उतारा, वाटणी आणि बांध

शेतातल्या अडचणी पावसाच्या, कागदावरच्या अडचणी माणसांच्या. सीमेपलीकडे चंदगड तालुक्यात माती तीच, पाऊस तोच, भात आणि रताळं तेच, पैराही तोच. पण तिथल्या शेतकऱ्याच्या हातात मराठीतला सातबारा असतो, तर बेळगावच्या शेतकऱ्याच्या हातात कन्नडमधला आरटीसी. बेळगाव १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होतं, त्यामुळे जुनी कागदपत्रं, वाटणीपत्रं, खरेदीखतं मराठी किंवा मोडीत. कर्नाटकाने २००० च्या सुमारास ‘भूमी’ प्रकल्पातून उतारे संगणकावर आणले. तलाठ्याच्या दप्तरापुढे ताटकळणं संपलं, ही मोठी सोय झाली. पण मराठी नावं कन्नड लिपीत जाताना कुठे काना बदलला, कुठे आडनाव गळलं, कुठे वडिलांचं नाव चुकलं. आता उतारा आधारशी जोडायचा, तर एक अक्षर जुळत नाही म्हणून काम अडतं. दुरुस्तीसाठी अर्ज, प्रतिज्ञापत्र, तहसीलदार कार्यालयाच्या फेऱ्या. अर्जही कन्नडमध्ये, त्यामुळे ज्याला वाचता येत नाही त्याला लिहून देणाऱ्याचे पैसे वेगळे.

याहून मोठी अडचण सामाईक उताऱ्याची. आजोबांच्या नावावर सहा एकर होती. चार मुलगे, प्रत्येकाला दीड एकर. शेतात दगड रोवून वाटणी झाली, प्रत्येक जण आपापला भाग कसतो, पण पोटहिस्सा मोजून वेगळा करून घेतलेला नाही. उताऱ्यावर चौघांची नावं, त्यातले दोघे वारलेले, वारसा नोंद राहिलेली. मग पुराची भरपाई आली, पीकविमा आला, रस्त्यासाठी जमीन गेली, की सगळ्यांच्या सह्या लागतात. एक भाऊ पुण्याला, एकाचं बोलणं बंद. २००५ च्या हिंदू वारसा कायद्यातल्या दुरुस्तीनंतर मुलींनाही वडिलोपार्जित जमिनीत मुलांइतकाच वाटा आहे. तरी बहिणीकडून हक्कसोड करून घ्यायची रीत चालू आहे आणि माहेरची साडी तेवढी तिच्या वाट्याला येते. काही बहिणी आता सही करत नाहीत, त्यावरून घरात वाद होतात. खरं तर वाद बहिणीने लावलेला नसतो, नोंद वेळेवर न केल्याने तो आधीपासूनच पडून असतो.

हाच दीड एकर पुढच्या पिढीत दोघांत वाटला की ३० गुंठे. वर केलेला हिशेब पुन्हा मांडला तर १५ गुंठे भात म्हणजे साडेसात क्विंटल, तांदूळ पाच क्विंटलहून थोडा कमी. चार माणसांच्या घरालाही वर्षभर पुरत नाही. बेगमीच होत नसेल, तर शेत कशासाठी कसायचं, असा प्रश्न तिथे उभा राहतो. मग कोणी ऊस लावतो, कारण त्याला रोज माणूस लागत नाही आणि नोकरी सांभाळून तो होतो. तोडीची वाट बघावी लागते तेवढीच. कोणी पडीक ठेवतो. शहराजवळ असेल तर प्लॉट पाडणारा दलाल दारात येतोच. गुंठ्याला तो जो दर सांगतो, तेवढा पैसा भातातून मिळवायला दोन पिढ्या लागतील. विकणाऱ्याला नावं ठेवणं सोपं आहे. पण ज्याच्या घरात दवाखान्याचं बिल आहे, त्याच्यापुढे दुसरं काय आहे, हे नावं ठेवणारे सांगत नाहीत.

जे विकत नाहीत, त्यांच्या घरी फेब्रुवारी-मार्चमध्ये वेगळंच काम चालू असतं. रताळी काढताना चांगले वेल निवडून विहिरीजवळच्या वाफ्यात लावलेले असतात. पुढच्या जुलैची सगळी लावण याच वाफ्यातून होणार, म्हणून तो उन्हाळाभर जगवायचा. कर्नाटकात १० अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपाला वीजबिल नाही, पण थ्री-फेज वीज दिवसात काही तासच येते, तीही कधी रात्री. हेस्कॉमची वीज आली की रात्री अकराला बॅटरी घेऊन पंप सुरू करायला जायचं. एप्रिलमध्ये विहिरीचं पाणी तळाला गेलं की घरच्या वापराला, म्हशीला आणि वेलाच्या वाफ्याला किती, याची वाटणी होते. भाजी आधी सोडतात, वाफा शेवटपर्यंत धरतात. तो वाळला तर जूनमध्ये शेजारगावातून वेल विकत आणावे लागतात, आणि त्या दिवसांत दुसऱ्यांचीही लावण तोंडावर असल्याने ते मिळतील याची खात्री नसते. मेच्या मध्यावर एखादा वळीव पडला, की सकाळी सगळ्यात आधी हा वाफा बघायला माणूस जातो, आणि तिथूनच भाताच्या पट्टीकडे वळून शेणखताच्या किती बुट्ट्या पडल्या ते मोजून येतो.